काचेकडे तोंड करून

बायको गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला रात्रीची भीती घातली होती. रात्री घर खायला उठतं, सांभाळा, असं जो तो सांगून गेला. मी माणूस तयारीचा. उशाशी टॉर्च ठेवली, ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल घातले, आणि झोप नाही आली तर वाचायला म्हणून शेजाऱ्याकडून जुनी मासिकं मागून आणली. आणि पहिल्याच रात्री असा घोरलो की सकाळी त्याच शेजाऱ्याने मासिकं परत मागितली.

मला गाठलं ते दुपारने. दुपारबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

आमच्या घरी दुपारचं जेवण एका वाक्यावर चालायचं. "जेवी ल्या, थंडं व्हई ऱ्हायनं." हे वाक्य बायको डाळ गॅसवर उकळत असतानाच म्हणायची. म्हणजे थंड होण्यासारखं ताटात काही नसायचंच. मी पेपर टाकून धावत जायचो, रिकाम्या ताटासमोर बसायचो, आणि रोज फसायचो. नोकरी सुटल्यावर तर दिवसातली माझी सगळ्यात मोठी घाई तेवढीच उरली होती. ते वाक्य बंद झालं तेव्हा दुपारी काय करायचं हेच मला कळेना. स्वयंपाक जमवला, नाही असं नाही. डाळ करायचो, पण ती कायम दोघांची व्हायची. कमी करायला गेलो की एकाचीही व्हायची नाही. भाताचं तर विचारूच नका. एवढं पाणी घालायचो की भात वाढायला चमचा नव्हे, सुरी लागायची.

माझ्याबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावर आहे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. शेवटची सगळी वर्षं नवापूरला. गाव माझं शहाद्याकडचं, पण इथेच घर बांधलं आणि इथलाच झालो. जन्मभर स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या. एका बाजूला भोंगा, दुसऱ्या बाजूला चालू इंजिनं. त्यामुळे गळा मोठा झाला आणि कान गेले. डावा जरा जास्तच. मुलगा सुरतेला असतो, तो म्हणतो मशीन लावून घ्या. मी म्हणतो मला सगळं ऐकू येतं. आणि येतंच. फक्त लोक म्हणतात ते नसतं, एवढंच.

तर घरातल्या ताटाला कंटाळून मी स्टँडजवळच्या खानावळीत जायला लागलो. मालक नोकरीच्या काळापासून ओळखीचा. जीव लावणारा माणूस आणि त्यामुळेच नकोसा. मी दारात पाऊल ठेवलं की गल्ल्यावरून विचारायचा, "काय साहेब, आज एकटेच?" जसं काही काल मी वरात घेऊन आलो होतो. मग न मागता एक पोळी जास्त, वर तुपाचा चमचा, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हळूच सांगणं, की यांच्या मिसेस गेल्या ना. हे हळूच सांगणं मात्र मला लख्ख ऐकू यायचं. मग तो शेजारचा माणूस जेवता जेवता माझ्याकडे बघायचा आणि मला घास गिळायचा की तोंड पाडून बसायचं हे ठरवावं लागायचं. एकदा तर वाटाण्याची उसळ फार झकास झाली होती, मी दोनदा मागून घेतली, तर पलीकडचा एकजण म्हणाला, दुःखात भूक लागते माणसाला. तेव्हापासून मी तिथे चवीने जेवणं सोडलं आणि मग तिथे जाणंच सोडलं.

मला काही मोठं नको होतं. दुपारी कुठेतरी बसून, कुणाच्या डोळ्यांवर न येता, चार घास खाता यावेत, एवढंच.

अशात हायवेच्या अंगाला ते नवं दुकान दिसलं. चष्मा घरी होता. लांबून पाटी वाचली ती 'कोरान्न'. मी चाट पडलो. म्हटलं, माधुकरी मागायची सोय आता पाटी लावून व्हायला लागली की काय, आणि माझ्यासारख्याला तर बरंच आहे. जवळ गेलो तर 'कोरियन' निघालं. खाली वाटीतून वाफ निघतानाचं चित्र.

आत डोकावलो आणि पाटीचं हसू विसरून थांबलो. दुकान अरुंद. टेबलं नव्हतीच. रस्त्याकडे मोठी काच, काचेला लागून एक लांब फळी आणि फळीपुढे उंच उंच स्टुलं. जो येईल त्याने काचेकडे तोंड करून बसायचं, समोरच्या रस्त्याकडे बघत खायचं आणि जायचं. कॉलेजची पोरं बसली होती, ती शेजारी शेजारी असूनही आपापल्या मोबाइलमध्ये. तिथे एकटा बसलेला माणूस एकटा दिसत नव्हता, कारण सगळेच तसे बसले होते. माझ्यासारख्या माणसाचं हे असं हॉटेल कुणीतरी बांधून ठेवलंय आणि मला पत्ता नाही, असं झालं.

स्टुलावर चढणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला. पहिल्यांदा स्टूल फिरलं आणि मी जिथून निघालो होतो तिथेच पुन्हा दाराकडे तोंड करून उभा. दुसऱ्यांदा बसलो. गल्ल्यावर एक बाई होती, पस्तिशीची असेल. माहेर तिकडे गुजरातेत व्याऱ्याकडचं, सासर इथलं. नवऱ्याचा कोंबड्यांच्या खाद्याचा व्यवसाय. मोबाइलवर त्या देशाच्या सिरियली बघून बघून ही रांधायला शिकली, आणि पोरं खातात म्हणून हिने दुकान घातलं. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी फक्त भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून म्हणालो, हे द्या. तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर न लावताच हसू दाबलं.

"काका, वाडको आपीश," ती म्हणाली, "पण हीरो नहीं मळे."

वाटी मिळेल, हीरो मिळणार नाही. चित्रात वाटीच्या मागे गोरा गोमटा कुणी पोरगा उभा होता, माझं बोट बरोबर त्याच्या नाकावर गेलं होतं.

वाटी आली. खाली भात, वर गाजर, पालक, काकडी, अंडं, चिकनचे तुकडे, मध्ये लाल मसाल्याचा गोळा. सगळं कालवून खायचं. आणि भात कसा, तर एकमेकाला धरून बसलेला, गोळा झालेला. मी एक घास घेतला आणि मला फार बरं वाटलं. म्हणजे इतके दिवस माझा भात बिघडत नव्हता, कोरियन होत होता. बरोबर दोन काड्या दिल्या होत्या. त्या मी कशा धरल्या ते सांगत नाही. शेजारची मुलगी एवढंच म्हणाली, "काका, तो चमचा पण ठेवलाय त्यांनी."

मग मी जायला लागलो. रोज नाही, पण बहुतेक. त्या बाईला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि ती काही विचारत नव्हती. मी बोट दाखवायचो, आता हीरो वगळून, आणि ती वाटी ठेवायची. समोरून हायवेवरच्या गाड्या जायच्या. सुरत, साक्री, नंदुरबार. एसटी दिसली की माझे ओठ आपोआप हलायचे. फलाटावर लागलेली गाडी, वगैरे. मोठ्याने नाही, घासाबरोबर. तो अर्धा तास बरा जायचा. घरी येऊन कुलूप काढताना लक्षात यायचं की सकाळपासून आपण एक अक्षर बोललेलो नाही, काकडीला बोट दाखवलंय फक्त. पण मला तेच हवं होतं ना. मीच मागितलेलं होतं.

त्या दिवशी गर्दी होती. मला कोपऱ्यातलं स्टूल मिळालं, म्हणजे सगळं दुकान माझ्या डाव्या कानाला. शेजारी दोन मुली लांबलचक शेवया ओढत होत्या. मी वाटी कालवत होतो. मागून ती बाई आली आणि माझ्या खांद्याशी थांबून म्हणाली:

"काका, केम छे?"

आता नवापूरला गुजरातीची काही नवलाई नाही. रस्ता ओलांडावा तसं इथे गुजरात ओलांडतात. मोठ्या माणसाला खरं म्हणजे केम छो म्हणायला हवं, पण आमच्याकडच्या मिसळीच्या बोलण्यात केम छे गाईलाही चालतं आणि साहेबालाही. त्याला उत्तरही ठरलेलं असतं. मजामां. आपण मजामां म्हणायचं, विचारणारा पुढे जातो. स्टँडवर मी हे दिवसातून कितीदा म्हटलं असेल.

"मजामां," मी म्हणालो. ती पुढे गेली नाही.

तिथेच उभी राहिली. मी वळून पाहिलं तर तोंडाकडे बघतेय, वाट बघतेय. मला वाटलं, हिला खरंच ऐकायचंय. आणि मग माझं जे सुरू झालं ते मला थांबवता येईना.

म्हटलं, मजामां म्हणजे तसं काही नाही. बायको गेली, वर्ष होऊन गेलं. रात्र जाते, दुपार जात नाही. डाळ दोघांची होते, उरलेली संध्याकाळी खातो, तरी उरते. तिच्या चपला दाराशी आहेत, झाडताना उचलतो आणि परत तिथेच ठेवतो, का ठेवतो ते माहीत नाही. मध्ये एकदा स्टँडवर जाऊन बसलो होतो, पण आताचा नियंत्रक गाडी पुकारतो ती अशी की जणू कुणाची झोप मोडेल, मला तिथे बसवेना. मुलगा चांगला आहे, फोन करतो, जेवलात का विचारतो. विचारून होण्याआधीच मी हो म्हणतो. हे सगळं मी जन्मभराच्या सवयीने बोललो, म्हणजे माइक नसताना माइकवर बोलावं तसं. शेवटी म्हणालो, तर असं छे.

शेजारच्या मुलीच्या तोंडातून शेवई खाली लोंबत होती आणि ती ती ओढायची विसरली होती.

त्या बाईच्या एका हातात प्लास्टिकचा डबा होता, दुसऱ्या हातात चिमटा. डब्यात लाल माखलेल्या कोबीच्या फोडी. ती हळूच म्हणाली, "हां, काका." मग डबा जरा पुढे करून, "तो थोडी आपुं?"

"काय?"

"किमची."

पहिल्यांदाच घरी घातली होती तिने, कोबीचं ते आंबवलेलं लोणचं, आणि प्रत्येकाला हवं का विचारत फिरत होती. किमची. सगळ्यांना तोच एक शब्द. बाकीच्यांनी हो किंवा नको म्हटलं होतं.

माणसाने अशा वेळी हसून घ्यावं. मला सुचलं नाही. मी म्हणालो, "हो, तेच म्हणतोय मी, द्या ना." जसं काही चपला, डाळ आणि एसटी ही सगळी लोणच्याचीच प्रस्तावना होती. तिने बिचारीने दोनदा चिमटा भरून वाढलं. मी खानदेशी माणूस, तिखटाला काय घाबरायचं, म्हणून एकदम मोठी फोड तोंडात टाकली. तिखट होतं ते होतंच, पण आंबट असं की कान सुद्धा उघडले असते. डोळ्यांतून पाणी आलं. मिरची आहे, असं मी त्या मुलींना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलेलं नसताना सांगण्याचा तो माझा दिवसच होता.

त्यानंतर मी तिथे गेलो नाही. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीने जायचो. खरं सांगायचं तर कुणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. स्वतःच्या फजितीवर हसणाऱ्यांत मी पहिला नंबर लावतो. पण कुणीच हसलं नव्हतं. आणि घरी खिचडी ढवळताना मला राहून राहून वाटायचं, एवढं लांब उत्तर माझ्याकडे तयार होतं कधीपासून? मला तर वाटत होतं की मला कुणी काही विचारू नये.

मुलाचा फोन आला. "जेवलात का?" "हो." आधीच म्हणून टाकलं. मग म्हटलं, ते कानाच्या मशीनचं काय झालं रे, बघून ठेव जरा. त्याने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, जसं काही बहिरा तोच होता.

इकडे मी तालीम सुरू केली. पुन्हा जायची वेळ आलीच तर चूक नको. किमची, नको. किमची, नको. अंघोळीला, झाडताना, कुलूप लावताना. तो शब्द कानावर पडला की दुसरं काही तोंडातून निघताच कामा नये, एवढा पक्का केला.

आणि एक दिवस खिचडी करपली. भांडं घासायला टाकलं, खानावळ आठवली, ते "आज एकटेच" आठवलं, आणि पाय हायवेकडे वळले. दोन वाजून गेले होते. पोरं निघून गेली होती. दुकानात ती बाई एकटीच, गल्ला पुसत होती. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या स्टुलावर बसलो, दुकान उजव्या कानाला येईल असा. बोट दाखवलं. तिने वाटी आणून ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"केम छे, काका?"

"नको," मी ताबडतोब म्हणालो. "मागच्या वेळी फार जड गेलं. रात्रभर छातीत जळजळत होतं. मला नाही सोसत ते, दुसऱ्या कुणाला द्या."

ती हसलीही नाही आणि हललीही नाही. तिच्या हातात डबा नव्हता. हे मला उशिरा दिसलं.

"किमची नथी पूछती," ती म्हणाली. "केम छे, एम पूछुं छुं."

किमचीचं नाही विचारत, कसे आहात असं विचारतेय. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणाची तरी मोठी ऑर्डर. ती फोन खांद्याशी धरून आत गेली, गॅस पेटला, कढई वाजायला लागली. मी काचेकडे वळलो.

बघा आता. लोणच्याचं विचारलं तेव्हा मी सगळा संसार सांगितला, आणि संसाराचं विचारलं तेव्हा मला लोणचं नको होतं. जन्मभर लोकांच्या चौकशांना उत्तरं देण्याचा पगार खाल्ला आणि स्वतःला विचारलेल्या एका प्रश्नाची गाडी अशी डोळ्यांसमोरून जाऊ दिली. उठून जावं असं वाटलं. पण वाटी भरलेली होती. मग मी त्या दोन काड्या उचलल्या. त्या काड्यांनी मला एका वेळी भाताची दोन-चार शितं उचलता यायची, जास्त नाही. घाई असलेल्या माणसाला हे अवजार काही कामाचं नाही, पण मला वेळ काढायचा होता. मी शितं उचलत बसलो. समोरून नंदुरबार गेली, मग एक ट्रक कोंबड्यांच्या जाळ्यांचा, मग बराच वेळ काहीच नाही. दुपार अशी समोर पसरलेली, पांढरी. ओठ हलले नाहीत.

पार्सल न्यायला कुणी आलं, घेऊन गेलं. गॅस बंद झाल्याचं मला उजव्या कानाने ऐकू आलं. ती हात पुसत बाहेर आली. मला वाटलं आता ती विसरली असेल, आणि विसरली असेल तर बरंच. ती शेजारचं स्टूल ओढून बसली, काचेकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून. तसं तिथे कुणी बसत नाही.

"हां, काका. बोलो."

मी काड्या खाली ठेवल्या. सांगायचं ते सगळं मागच्या वेळीच सांगून झालं होतं, आणि नवीन काही घडलेलं नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. मी रस्त्याकडे बघून म्हणालो, "मजामां."

तिने मान हलवली.

"खोटुं," ती म्हणाली.

हा शब्द दोन्हीकडे सारखाच. त्यात चुकीचं ऐकू येण्याची काही सोय नव्हती. सांगायला लागलो तर डोळ्यांना पुन्हा मिरचीचं निमित्त लागणार होतं. मग वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "थोडी किमची दे."